अकरा आधारस्तंभ आणि दोन बांबू

२०२२ च्या गणेशोत्सवात साताऱ्यातल्या एका मंडळाने चौकात जो फ्लेक्स लावला, त्यावर अकरा आधारस्तंभ होते. तसं प्रत्येकाच्या फोटोखाली छापलेलंच होतं. खुद्द फ्लेक्सला आधार मात्र दोनच बांबूंचा होता, आणि त्यातला एक मांडववाल्याने ‘आज हा घ्या, उद्या सरळ आणून देतो’ या बोलीवर दिलेला होता.

३१ ऑगस्टला गणपती बसले. दुसऱ्या रात्री यवतेश्वराच्या अंगाने वारा उतरला, त्याच्यामागून पावसाची एक सर आली आणि अकराही आधारस्तंभांनी एकदिलाने जागा सोडली. मंडळाच्या इतिहासात एकमताने झालेलं ते बहुधा पहिलंच काम. पहाटे साडेचारला त्या चौकातून दूधवाला चालला होता. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन, डोक्यावर पोत्याची खोळ. वीस बाय दहा फुटांचा ‘समस्त गणेशभक्तांचे हार्दिक स्वागत’ पाठ करून त्याच्यावर येऊन बसला. सगळीकडे पांढरं झालं तेव्हा त्याला वाटलं, धुकं उतरलं. धुक्याला सुतळी बांधलेली दिसल्यावर तो थांबला.

त्याने आरडाओरडा केला नाही. फ्लेक्स झटकला, नीट गुंडाळला, कॅनवर आडवा टाकला, ट्यूबच्या पट्टीने आवळला आणि दूध घालून झाल्यावर घरी नेला. सकाळी आठला मंडळाचे अध्यक्ष चौकात आले तेव्हा दोन बांबूंच्या मधे नुसतं आभाळ होतं, तेही भरून आलेलं.

“विरोधकांचं काम आहे,” अध्यक्ष म्हणाले.

“रात्री वारा होता, दादा,” प्रस्तुत लेखक म्हणाला.

या एका वाक्यावर प्रस्तुत लेखकाची फ्लेक्स उपसमितीचा सचिव म्हणून जागच्या जागी निवड झाली. सार्वजनिक मंडळात एखाद्याला एखादी गोष्ट कळते असा नुसता संशय आला, तरी ती त्याच्या गळ्यात कायमची पडते. लेखकाला वाऱ्यातलं एवढंच कळत होतं की तो रात्री होता.

खरं तर वारा म्हणजे काय, हे साताऱ्याला बाहेरून येऊन कुणी शिकवायची गरज नाही. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीला आणि पाटणच्या बाजूला वनकुसवड्याला पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. त्या काही हवा खायला उभ्या केलेल्या नाहीत. आधी वारा मोजला, मग खांब रोवले. शिवाय या यंत्रांना अक्कल असते. वाऱ्याचा वेग सेकंदाला साधारण २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटरवर गेला की पवनचक्की आपणहून फिरायची थांबते. कोट्यवधींचं यंत्र वारा वाढला की मान खाली घालतं. चौकातला काही हजारांचा फ्लेक्स मात्र तशाच वाऱ्यात छाती पुढे काढून उभा राहतो, कारण त्याच्यावर साहेब असतात.

२०२३ मध्ये उपसमितीच्या तीन बैठका झाल्या. पहिल्या दोन बैठका आणि तिसरीचे सव्वादोन तास फोटोंच्या क्रमावर गेले. काळच तसा होता. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. जी माणसं पूर्वी एका फ्लेक्सवर खांद्याला खांदा लावून हसत, ती आता एका कागदावरही शेजारी नको होती. वर कोण, डावीकडे कोण, कोणाचा गोल मोठा, कोणाच्या गॉगलचं तोंड कोणाकडे नको, याचा एक आराखडा खजिनदारांनी वहीच्या मधल्या जोडपानावर काढला. तो बघून एका सभासदाने तो भूमिगत गटाराचा नकाशा समजून सही केली. शेवटी वर्गणीच्या प्रमाणात डोक्यांचा आकार ठरला. हे सूत्र सगळ्यांना पटलं, फक्त ज्यांचं डोकं लहान झालं त्यांना सोडून.

रात्री पावणेअकराला सचिवाने भीत भीत विचारलं, “आणि बांधायचा कशाने?”

“सुतळीने.”

“गेल्या वर्षी सुतळीच होती.”

“मग जाड सुतळीने,” अध्यक्ष म्हणाले, आणि चहा येऊन सभा संपली.

फ्लेक्सवाल्याकडे गेल्यावर लेखकाला कळलं की फ्लेक्स हा एक पदार्थ नसून जात आहे आणि तिच्यात पोटजाती आहेत. “नॉर्मल देऊ, स्टार देऊ की ब्लॅकबॅक?” असं त्याने संगणकावरून मान न उचलता विचारलं.

“फरक काय?”

“भावाचा.”

जरा चिकाटीने विचारल्यावर बाकीचं बाहेर आलं. फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या धाग्यांची जाळी आणि तिच्या दोन्ही अंगांना चिकटवलेला पीव्हीसीचा थर. ताकद सगळी मधल्या जाळीची. दिसतो, चमकतो आणि छापून घेतो तो वरचा थर. (हे ऐकून मंडळातल्या मांडव घालणाऱ्या पोरांची आठवण यावी, पण त्या दिवशी ती कुणाला आली नाही.) फ्लेक्सची प्रत सांगतात जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम भरतं ते. ब्लॅकबॅकची पाठ काळी असते, त्यामुळे मागचा उजेड पुढे येत नाही. १ जुलै २०२२ पासून देशभर १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या आणि पीव्हीसीच्या बॅनरांना बंदी आहे, हेही त्यानेच सांगितलं आणि वर म्हणाला, “आपला त्याच्या दुप्पट आहे, काळजी नको.”

“सगळ्यात जड कुठला?” अध्यक्षांनी मुद्द्याला हात घातला. अध्यक्षांचा असा पक्का समज होता की वारा हलक्या वस्तू उचलतो, म्हणून वस्तू जड घ्यावी. तेच तत्त्व ते उपाध्यक्षांनाही लावत. २४० जीएसएमचा वीस बाय दहाचा फ्लेक्स साधारण साडेचार किलो भरतो आणि ४४० चा आठ किलोच्या थोडा वर. मंडळाने ४४० चा काळ्या पाठीचा घेतला. वाऱ्याविरुद्ध साडेतीन-पावणेचार किलोंची कुमक उभी राहिली.

“गॅरंटी काय?” सचिवाने विचारलं.

“शाईची सहा महिने.”

“आणि वाऱ्याची?”

“वारा आपण छापत नाही, दादा.”

शाईची गॅरंटी हाही एक स्वतंत्र विषय आहे. उन्हात फ्लेक्सचा रंग सगळा एकदम उडत नाही. आधी पिवळा आणि लाल जातात, मागे निळा आणि काळा उरतात. म्हणून एखाद्या आडवळणाच्या एसटी थांब्यावर वर्षभर राहिलेल्या ‘भावी नगरसेवकां’ची मुद्रा नीलकंठासारखी झालेली असते. त्यांनी खरंच काही पचवलं असावं असं वाटत राहतं.

जड फ्लेक्सवर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण कुणीतरी सांगितलं की वारा जायला फ्लेक्सला अर्धचंद्राच्या आकाराचे काप द्यावेत, म्हणजे तो फुगत नाही. ही युक्ती फार जुनी आणि फार लोकप्रिय आहे. तिच्यात फक्त दोन उणिवा आहेत. एक म्हणजे अशा चार-आठ कापांनी वाऱ्याचा जोर नावापुरताच कमी होतो. दुसरी म्हणजे फाटायची सुरुवात कुठून करावी हा फ्लेक्सपुढचा प्रश्न आपण सोडवून देतो. हे ज्ञान नंतरचं. त्या संध्याकाळी प्रश्न वेगळाच होता: काप द्यायचा कुठे?

आमदारांच्या अंगावर ब्लेड चालवायला कुणी धजेना. आधारस्तंभांवर तर नाहीच. गणपतीच्या चित्राला हात लावणं शक्यच नव्हतं. शुभेच्छुकांच्या यादीत प्रत्येक नावाने पाचशे एक दिलेले. मजकुरातला ‘हार्दिक’ कापता येईल असं एकाने सुचवलं, कारण त्याविना अर्थ बदलत नाही. पण ‘बदलतो’ म्हणून दुसरा हमरीतुमरीवर आला. दोनशे चौरस फुटांच्या फ्लेक्सवर शेवटी मोकळी जागा सापडली ती चार ठिकाणी, आणि त्यातली एक होती एका ज्येष्ठ मार्गदर्शकांच्या हनुवटीच्या अगदी खाली. काप देणाऱ्याचा हात बोटभर वर गेला.

पुढचे चार दिवस वारा आला की मार्गदर्शकांचा खालचा ओठ उघडे आणि वारा पडला की मिटे. जोराची झुळूक आली तर फडफड आवाजही येई. लोक थांबून ऐकत. “साहेबांचं भाषण चाललंय,” पोरं म्हणत. पाचव्या दिवशी वाऱ्याने ते भाषण कानापर्यंत लांबवलं आणि सहाव्या दिवशी फ्लेक्सचे उभे दोन तुकडे झाले. मार्गदर्शक बरोबर मधोमध असल्याने दोन्ही गटांच्या वाट्याला अर्धे अर्धे आले. हे अध्यक्षांच्या लक्षात येईपर्यंत दोन्ही तुकडे चौकातून नाहीसे झालेले होते. दूधवाल्याची वेळ पहाटे साडेचारची, हे सचिवाच्या ध्यानात यायला अजून एक वर्ष जायचं होतं.

२०२४ साल उजाडलं ते निराळं. १३ मे रोजी वळवाच्या वादळात मुंबईत घाटकोपरला १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं. १७ माणसं गेली. त्या होर्डिंगला फार तर ४० बाय ४० ची मर्यादा असायला हवी होती. त्यानंतर काही महिने राज्यभर लोक चौकातून जाताना वर बघत चालू लागले, आणि नगरपालिकांच्या खिडकीवरचे कारकून अर्जांकडे बघू लागले. मंडळाच्या अर्जाकडेही बघितलं गेलं.

“परवानगीचा नंबर आणि मुदत फ्लेक्सवर छापायची,” कारकून म्हणाले.

“जागा नाही, साहेब,” सचिव म्हणाला. “सगळीकडे माणसं आहेत.”

“एक माणूस कमी करा.”

कारकुनांना हे बोलायला सोपं होतं. त्यांना निवडून यायचं नव्हतं. फलकबाजीविरुद्धची राज्यातली गाजलेली जनहित याचिकाही मुळात साताऱ्याचीच, सुस्वराज्य फाउंडेशनची, २०११ ची. ३१ जानेवारी २०१७ ला मुंबई उच्च न्यायालयाने तिच्यावर निकाल देऊन बेकायदा फलक हटवण्याचे आदेश दिले. म्हणजे फलक लावण्यात आणि फलकांविरुद्ध कोर्टात जाण्यात, दोन्हीकडे हा जिल्हा आघाडीवर. नंबर शेवटी कोपऱ्यात इतका बारीक छापला की तो वाचायला शिडी लागावी.

त्याच वर्षी मंडळातल्या एका सभासदाचा मुलगा सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. त्याने बैठकीत हात वर केला आणि सगळ्यांची झोप उडवली. त्याच्याकडे भारतीय मानक ८७५ चा तिसरा भाग होता, इमारतींवर वाऱ्याचा भार किती धरायचा ते सांगणारा. सूत्र साधं: वेग मीटर प्रतिसेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा, की चौरस मीटरवरचा दाब मिळतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो, हे त्यातलं विष. वीस बाय दहाचा फ्लेक्स म्हणजे साडेअठरा चौरस मीटर. ताशी साठ किलोमीटरचा वारा समोरून आला तर त्यावर तीनशे पंधरा किलोंच्या आसपास भार येतो. तीस किलोमीटरला ऐंशी किलोंच्या आत.

“तीनशे पंधरा?” खजिनदार ताडकन उठले. “अरे, गणपतीच दोनशे किलोचा आहे!”

“काका, आणि मानकात पुण्यासाठी वेग ३९ मीटर धरलाय. म्हणजे ताशी एकशे चाळीस. मुंबईला ४४.”

“पुण्याला जास्तच देतात सगळं,” अध्यक्ष म्हणाले. मुंबईचा आकडा त्यांनी ऐकलाच नाही.

मुलगा मात्र थांबला नाही. चार कोपऱ्यांना बांधलेला फ्लेक्स प्रत्येक कोपऱ्यावर ऐंशी किलो ओढतो, असं त्याने सांगितलं. तोच फ्लेक्स कडेने दर दोन फुटांवर आयलेट मारून बांधला तर साठ फुटांच्या घेरात तीस आयलेट बसतात आणि एकेकाच्या वाट्याला साडेदहा किलो येतात. चौघांनी मरायचं की तिसांनी थोडं थोडं उचलायचं, एवढाच प्रश्न. मंडळात विसर्जनाच्या दिवशी काम करणारी पोरं चारच असतात आणि फोटोत तीस असतात, त्यामुळे हे गणित सगळ्यांना झटकन कळलं आणि कुणीही त्यावर चर्चा केली नाही.

त्याच मुलाने जाळीचा, म्हणजे मेशचा फ्लेक्स सुचवला. त्यात तीसेक टक्के भोकंच असतात. वारा त्यांतून निघून जातो, लांबून बघणाऱ्याला चित्र अखंड दिसतं. उंच इमारतीचं काम चालू असताना बाहेरून सोडतात तो हाच. उपसमितीला प्रथमच आपण शहाणे झाल्यासारखं वाटलं. ७ सप्टेंबरला गणपती बसले, मेश चढला, वारा आला, गेला. फ्लेक्स हलला आणि परत जागेवर आला. सचिवाने त्या दिवशी दोन कप चहा जास्त घेतला.

संध्याकाळी अध्यक्ष जवळ जाऊन उभे राहिले. “साहेबांच्या तोंडाला देवी आल्यात का रे?”

“दादा, लांबून बघा.”

अध्यक्ष लांब गेले. तोवर अंधार पडला होता आणि फ्लेक्सच्या बरोबर मागे एका दंतवैद्यांच्या दवाखान्याची पाटी पेटली. मेशला भोकं असल्याने वारा जसा पलीकडे जातो, तसा उजेडही अलीकडे येतो, हे सूत्र तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात बहुधा नसावं. चौकातल्या तमाम भाविकांना त्या रात्री मंडळातर्फे असं वाचायला मिळालं: ‘समस्त गणेशभक्तांचे हार्दिक स्वागत, दात विनावेदना काढून मिळतील.’ आमदारांचं हसू नेमकं त्याच्या वर होतं. एक आजोबा वेळ विचारून गेले.

तिसऱ्या दिवशी अध्यक्षांनी स्वतः उभं राहून मेश उतरवून घेतला. “कुठं टाकायचा हा?” असं ते म्हणतात न म्हणतात तोच मागून आवाज आला, “मी नेतो की, दादा.” कॅन, खोळ, ट्यूब. सचिवाच्या डोक्यात कुठेतरी साडेचार वाजले.

नोव्हेंबरात खरवसाच्या निमित्ताने लेखक दूधवाल्याच्या गावी गेला. कास रस्त्याला, पठाराच्या काठाला गाव. तिथला वारा घाटाखालचा वाटत नाही, ताजा असतो. गोठा बघितला आणि लेखक बघतच राहिला. २०२२ चा फ्लेक्स छपरावर ताणलेला होता. दोन पावसाळे गेले होते, तेही पठाराकडचे, आणि एक टाका हललेला नव्हता. आत गेल्यावर वर बघितलं तर अकरा आधारस्तंभ छताला पालथे, खाली दोन म्हशींकडे प्रसन्न मुद्रेने बघत होते. त्यांचा जनसंपर्क आजवर इतका स्थिर कधीच नव्हता.

“हे टिकलं कसं?” सचिवाने विचारलं. तीन वर्षांत त्याने हा प्रश्न दुकानदाराला, कारकुनाला आणि इंजिनिअरला विचारला होता. दूध घालणाऱ्याला विचारायचं सुचलं नव्हतं.

दूधवाल्याने छपराची कड दाखवली. काठ बांबूभोवती दोन वेढे गुंडाळून गोणपाटाच्या सुईने शिवलेला. दोरी फ्लेक्सच्या भोकातून नव्हे, बांबूला. आणि दोरीच्या प्रत्येक टोकाला ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची हातभर पट्टी. “भोकात दोरी बांधली की भोक फाटतंय. बांबूला बांधली की समदा काठ वढतो. आन् ही ट्यूब वाऱ्यासंगं जाती आन् माघारी येती. तुमची तार येत न्हाई, आडमुठी हाय.” मग त्याने फ्लेक्सवर टिचकी मारली. ढोलासारखा आवाज आला. “ढिला ठिवला की फडफडतो. फडफडला की गेला. वारा मारीत न्हाई ओ, फडफड मारती.”

ट्रकवर ताडपत्री बांधणारा क्लीनर हे सगळं जाणतो. कोकणात शिडाचं गलबत हाकणारा तांडेल त्याहून जास्त जाणत असे, कारण फ्लेक्स म्हणजे शेवटी जमिनीवर रोवलेलं शीडच. फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने १८०५ साली वाऱ्याची शून्यापासून बारापर्यंत प्रतवारी लावली, तीही शिडांवरूनच: किती वाऱ्यात किती शिडं ठेवायची आणि किती उतरवायची. त्याची बारावी पायरी म्हणजे जिच्यापुढे शिडाचं कुठलंच कापड टिकणार नाही असा वारा. पुढे या पायऱ्या जमिनीवरच्या खुणांनीही ओळखू लागले. सहाव्या पायरीला, म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटरला, तारा शिट्टी घालतात आणि छत्री सांभाळणं अवघड होतं. मंडळाची प्रतवारी सचिवाने वहीत मागच्या पानावर लिहून ठेवली आहे. तिसरीला साहेबांचे गाल फुगतात. पाचवीला बांबू कुरकुरतो. सहावीला अध्यक्षांचा सचिवाला फोन येतो. सातवीला सचिव अध्यक्षांना फोन लावतो आणि तो बंद असतो.

पण ब्यूफोर्टच्या जहाजात आणि मंडळात एक मोठा फरक होता. जहाजावर वारा वाढला की शीड उतरवत. मंडळात वादळाचा इशारा आला म्हणून रात्रीपुरता फ्लेक्स उतरवू या, असं सचिव एकदाच बोलला होता. “साहेबांना उतरवायचं?” असं विचारून अध्यक्षांनी खुर्ची मागे सारली होती. साहेब वाऱ्याने पडले तर तो निसर्ग. माणसांनी उतरवले तर ते राजकारण.

२०२५ ला म्हणून दूधवाल्याची पद्धत वापरली. २७ ऑगस्टला गणपती. बांबूऐवजी दोन लोखंडी पाइप, खड्ड्यात खडी-सिमेंट घालून. फ्लेक्स मध्यम वजनाचा, चारी बाजूंना पाइप जाईल असा शिवलेला खिसा, आणि हातभर ट्यूबच्या चोवीस पट्ट्या. त्या दूधवाल्याने स्वतः येऊन ताणल्या. काम करताना तो फ्लेक्सकडे वरचेवर बघत होता, आणि प्रत्येक पट्टी आवळताना त्याचा चेहरा जरासा उतरत होता. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय हे त्याला कळत होतं.

पाऊस झाला, वारा झाला, मधे दोन दिवस कडक ऊन पडलं. फ्लेक्स राहिला. अनंत चतुर्दशी झाली, फ्लेक्स राहिला. नवरात्र झालं. आणि मग मंडळाच्या ध्यानात आलं की फ्लेक्स उतरवायचा कसा, हे कुणालाच माहीत नाही. ते खातं आजवर वाऱ्याकडे होतं. परवानगीची मुदत कधीच संपली होती, पण ती वाचायला शिडी लागत होती. दिवाळीच्या सुमाराला अकरांपैकी चौथ्या आधारस्तंभांनी पक्ष बदलला आणि निरोप पाठवला: माझा फोटो काढा. त्यांच्या तोंडावर फटाक्यांच्या दुकानाची जाहिरात चिकटवली. दोन दिवसांनी फटाक्यांची जाहिरात वाऱ्याने उडाली. आधारस्तंभ होते तिथेच होते, अजून निळेही झाले नव्हते.

“इतका मजबूत करायला कुणी सांगितलं होतं?” अध्यक्षांनी सचिवाला विचारलं. चार वर्षांत प्रथमच फ्लेक्सच्या बाबतीत ते खरोखर चिडले होते.

नोव्हेंबरात नगरपालिका निवडणुकीची आचारसंहिता लागली. फ्लेक्स उतरवणं आता भाग होतं. कार्यकर्त्यांनी कात्री आणली, पक्कड आणली, एकाने दात लावून बघितले. शेवटी पहाटे साडेचारला दूधवाल्याने मोटारसायकल लावली, पाइपावर पाय ठेवून चढला आणि एकेक पट्टी बोटाने ओढून आकड्यातून सोडवली. दहा मिनिटांत चौक मोकळा झाला. त्याने फ्लेक्स रस्त्यावर पालथा अंथरला, पाठीवरून हात फिरवला आणि वितीने लांबी मोजली.

“बरा हाय,” तो म्हणाला. “तेवीसचा काय कामाचा न्हवता. दोन तुकडं, वर पाठ काळी. उन्हात म्हसरं तापायची. चोवीसचा भोकाचा, त्यो कोंबड्यांवर टाकलाय.” मग गुंडाळी कॅनवर आडवी टाकत तो सचिवाकडे वळला. “दादा, म्होरल्या साली पंचवीस बाय बाराचा करा. शेड वाढवतोय. आन् पाठ पांढरीच घ्या. फोटू कुणाचं बी घाला.”